थापी त्याच्याच हातात राहू दे

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोनवर विचारलंस, "बाबा, पहिल्या दिवशी साइटवर नेमकं काय बघू?" मी "सांगतो नंतर" म्हणून फोन ठेवला आणि मग बराच वेळ झोप लागली नाही. असल्या गोष्टी मला फोनवर नीट सांगता येत नाहीत. म्हणून लिहायला बसलो.

तू डिप्लोमा केलास, ड्रॉइंग वाचतेस, अंदाजपत्रक काढतेस. त्यातलं मी तुला काय शिकवणार? पण बांधकाम शिकणाऱ्या पोरांच्या संस्थेत तू समन्वयक म्हणून निघालीस, आणि त्या कामात माझी 19 वर्षं गेली. त्याआधी मी नुसता गवंडी होतो. गवंड्याचा शिकवणारा व्हायला मला दोन वर्षं लागली, कारण एक सवय सुटत नव्हती. पोराचा थर वाकडा जाताना दिसला की माझा हात आपोआप पुढे जायचा. त्याच्या हातातली माल पसरायची थापी घ्यायचो, दोन विटा सरळ बसवून द्यायचो आणि म्हणायचो, "हे असं कर." तो मान डोलवायचा. भिंत सरळ व्हायची, पोरगा मात्र होता तिथेच राहायचा.

तुलाही ही सवय आहे. धाकट्याचं दप्तर तू भरून द्यायचीस, त्याच्या वह्यांना कव्हरं तूच घालायचीस. मायेनं करायचीस, मला माहीत आहे. पण दहावीपर्यंत त्याला स्वतःचं दप्तर भरता येत नव्हतं, हेही तुला आठवत असेल.

एका पोराचं सांगतो. नाव लिहीत नाही, तो आता मोठा माणूस आहे. तिसरा आठवडा चालू होता आणि त्यानं सात थर चढवले होते. लांबूनच मला दिसलं की भिंत पुढे झुकलीय. तोवर मी थोडा शहाणा झालो होतो. जवळ गेलो, हात पाठीमागे बांधले आणि एवढंच म्हणालो, "ओळंबा लाव." त्यानं ओळंब्याचा ठोकळा वरच्या थराला टेकवला आणि दोरीला बांधलेलं वजन खाली सोडलं. हलायचं थांबल्यावर वजनानं भिंतीशी केसाएवढीच फट ठेवायला हवी. त्याचं वजन भिंतीपासून बोटभर लांब लटकत होतं. मी विचारलं, "काय दिसतं?" तो म्हणाला, "लांब आहे." "म्हणजे काय झालंय?" बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "वर पुढे आलीय." "कुठून?" त्यानं पट्टी लावली, खालून एकेक थर तपासत वर गेला आणि तिसऱ्या थरावर बोट ठेवलं.

ते बोट त्यानं स्वतः ठेवलं. मी ठेवलं असतं तर पुढच्या भिंतीतही मलाच ठेवावं लागलं असतं.

मग त्यानं तिसऱ्या थरापर्यंत भिंत उतरवली. माल ओला होता तोवर विटा खरवडून साफ केल्या, आणि सगळी दुपार त्यात गेली. बाकीची पोरं बघत होती. माझे हात शिवशिवत होते, एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून उभा होतो. तो माझ्याकडे एकदाही बघेना. मला वाटलं, उद्या हा काही येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तर तो माझ्याआधी येऊन ओळंबा सोडून बसला होता. भिंत रात्रीतून कुठे जाणार होती? तरी तपासत होता.

म्हणून पहिल्या दिवशी तू बघायचं ते हे, की चूक झाली की शिकवणाऱ्याचे हात कुठे जातात. तुझ्या हाताखाली दोन-तीन गवंडी शिकवायला असतील. कारागीर म्हणून ते चांगलेच असणार, आणि चांगल्या कारागिराला वाकडं काम बघवत नाही. त्यांना रागावू नकोस. मुदत जवळ आली की त्यांचे हात जास्त चालतात, म्हणून मुदत ठरवतानाच पाडून परत बांधायचे दिवस धर. अंदाजपत्रकात विटांची तूट धरतेस ना, तशीच वेळेची धर. हे तुझ्याच हातात आहे, त्यांच्या नाही.

हिशेबाचंही असंच. ही पोरं बहुतेक गणिताला घाबरून शाळा सोडलेली असतात. त्यांना फळ्यापुढे बसवू नकोस. दोरी आणि टेप दे. कोपऱ्यापासून एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4 फूट खूण करायला सांग, आणि तिरकं माप बरोबर 5 येईपर्यंत दोरी सरकवू दे. 5 आलं की काटकोन झाला. आधी हे हातानं होऊ दे, मग कुणीतरी आपणच विचारतो की 5 च का येतात. तेव्हा सांग, तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा, दोन्ही मिळून पंचवीस, म्हणजे पाचा पाचा. माझ्याकडच्या एका पोरीला हे कळलं तेव्हा तिनं 6, 8 आणि 10 स्वतःच काढलं आणि खोलीचे चारही कोपरे पुन्हा तपासले. एका कोपऱ्यात दोन सूत, म्हणजे पाव इंच, फरक निघाला. तो कोपरा मी आखला होता.

आता दुसरी बाजू, आणि ही नीट वाच. भिंत वाकडी जाऊ दे म्हणालो, कारण भिंत उतरवता येते. ज्यातून मागे फिरता येत नाही तिथं पोराला चूक करू द्यायची नाही. तिथं हात पुढे घालायचा, ओरडायचं, काम थांबवायचं. दीड मीटरच्या खाली गेलेल्या चरात आधार लावल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते, कधी जास्तच. ती अंगावर आली की बाहेर राहिलेल्या डोक्यानंही श्वास घेता येत नाही, कारण छातीच फुगत नाही. परांची रोज सकाळी जाणत्या माणसानं बघितल्याशिवाय कुणी वर चढायचं नाही. फरशी किंवा दगड कोरडा कापायचा नाही, पाणी सोडूनच कापायचा. ती पांढरी धूळ फुप्फुसात बसली की जे दुखणं होतं त्याला बरं करणारं औषध नाही. शिवाय ते कित्येक वर्षांनी वर येतं, म्हणजे पोरगा तुमच्याकडून केव्हाच गेलेला असतो. आणि 18 च्या आतल्या पोरांचं वय कागदावर तपास. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1973 च्या किमान वयाच्या करारात धोक्याच्या कामाला 18 हीच रेघ आहे. 16 पासूनची सूट आहे, पण ती पुरतं प्रशिक्षण आणि पुरतं संरक्षण असेल तरच. कुणी "अंगानं दांडगा आहे हो" म्हणालं तरी ऐकू नकोस.

ह्यातली एक गोष्ट माझ्या हातून झाली. ती तुला कधी सांगितली नव्हती.

कोबा, म्हणजे सिमेंटची जमीन, घोटायचं काम होतं. एक सतरा वर्षांचा पोरगा गुडघे टेकून सकाळपासून घोटत होता. पँट गुडघ्यापाशी ओली झाली होती. ओल्या सिमेंटचा पीएच 12 च्या वर असतो, ते कातडी जाळतं, आणि वाईट म्हणजे सुरुवातीला दुखत नाही. तासादोन तासांनी आग होऊ लागते, तोवर खोलवर गेलेलं असतं. मी त्याच्यापासून दहा फुटांवर उभा होतो. संध्याकाळी तो पाय ओढत चालला तेव्हा मी पँट वर करायला लावली. दोन्ही गुडघ्यांची कातडी राखेसारखी झाली होती. भरपूर पाण्यानं धुतलं, दवाखान्यात नेलं. पुढं ते काळं पडलं. बरं व्हायला कित्येक आठवडे लागले आणि डाग राहिले ते राहिलेच.

मी त्याला विचारलं, "दुपारीच का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होता ना, खऱ्या गवंड्याला दुखत नसतं."

म्हणालो होतो. पहिल्याच आठवड्यात, सगळ्यांसमोर, पोरांना हुरूप यावा म्हणून. त्याला वाटलं, दुखतंय म्हणालो तर कच्चा ठरवून काढून टाकतील. गुडघ्यांना बांधायची पॅडं साठवणीच्या खोलीत पडून होती. मी ती काढून दिली नव्हती.

त्या दिवसापासून सुट्टी व्हायच्या आधी पंधरा मिनिटं मी सगळ्यांना बसवायचो. प्रत्येकानं आज लागलं, खुपलं, घाबरायला झालं असं एक तरी सांगायचं. पहिलं मी सांगायचो. सुरुवातीला पोरं नुसती हसायची. महिनाभरानं एकानं सांगितलं की परांचीची एक फळी हलतेय, दोन दिवसांपासून. ती पंधरा मिनिटं कुणी काम मागे पडतंय म्हणून काढून घेऊ लागलं, तर तू भांड.

ऑफिसातलं मी कमी जाणतो, पण साइटवरून जे दिसायचं ते सांगतो. विद्यावेतन दहा दिवस उशिरा झालं की पोरं गळायला लागतात. घरून सांगतात, "त्यापेक्षा बिगारीचं काम कर, रोजच्या रोज हातात येतात." पोरगा आळशी नसतो, त्याच्या घरी चूल असते. एका वर्षी देणगीचा हप्ता अडकला आणि बारा पोरांपैकी पाच गेली. त्यातली दोनच परत आली. म्हणून पैसे उशिरा येणार असं तुला कळलं की त्याच दिवशी पोरांना सांग, तारीख लपवू नकोस. आणि प्रत्येकाचा करार कागदावर असू दे. किती तास, किती विद्यावेतन, सुट्ट्या किती, लागलं तर खर्च कुणाचा, हे सगळं त्यांना वाचून दाखवून. श्रम संघटनेनं 2023 मध्ये शिकाऊ उमेदवारीबद्दल शिफारस केली, तीत लेखी करार आणि पुरेसं वेतन स्पष्ट लिहिलेलं आहे. शिकणारा म्हणजे फुकटचा मजूर नव्हे, हे तुला ठेकेदारांना पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. काही जण पोरं घेतात आणि सहा महिने नुसती घमेली उचलायला लावतात. तिथं आठवड्यातून एकदा न सांगता जा आणि पोराच्या हातात काय आहे ते बघ.

एक गोष्ट मला एका प्रशिक्षणात कळली आणि ती मनात राहिली. 1978 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये डोरोथी स्टोनमन नावाच्या शिक्षिकेनं वस्तीतल्या पोरांना विचारलं, मोठ्यांची साथ मिळाली तर वस्तीसाठी तुम्ही काय कराल? पोरं म्हणाली, ही ओस पडलेली घरं दुरुस्त करू. त्यांनी खरंच एक इमारत दुरुस्त केली, आणि त्यातूनच पुढं यूथबिल्ड नावाची संस्था झाली. अर्धा वेळ अभ्यास, अर्धा वेळ साइट. मला त्यातलं आवडलं ते हे, की काय बांधायचं ते पोरांनी सांगितलं. आम्ही त्यानंतर हत्यारं विकत घेण्याच्या बैठकीत दोन पोरं बसवायला लागलो. पहिल्याच बैठकीत एक मुलगी म्हणाली, "सगळे हातमोजे मोठ्या मापाचे आणता, आमच्या बोटांच्या पुढं लोंबतात, वीट निसटते." आम्ही इतकी वर्षं समजत होतो की मुलींची पकडच कच्ची.

ते मात्र तू आधीच बघशील. हातमोजे, बूट, उंचीवर अंगाला बांधायचा हार्नेस ह्यांची मापं प्रत्येकाची घ्यायची. सैल हार्नेस घातलेला आणि न घातलेला, फार फरक नाही. मुलींसाठी कडी लागणारं स्वच्छतागृह काम सुरू व्हायच्या आधी उभं राहू दे, "पुढच्या आठवड्यात करू" चालायचं नाही.

आणखी एक. स्लॅब टाकल्यावर सुट्टीच्या दिवशी पाणी कोण मारणार, हा प्रश्न दरवेळी येतो. सात दिवसांत काँक्रीट साधारण 65 टक्के ताकद धरतं, पूर्ण मोजायची ती 28 व्या दिवशी, आणि सुरुवातीचे दिवस ते वाळू द्यायचं नाही. आम्ही वॉचमनला सांगायचो. एकदा वॉचमन नव्हता, तेव्हा सगळ्यात जास्त दांड्या मारणाऱ्या पोराला मी नळाची किल्ली दिली. मनात धाकधूक होती, म्हणून दुपारी गुपचूप बघायला गेलो. तो वर होता. त्यानं कडेनं मातीचे छोटे बांध घालून स्लॅबवर पाण्याची तळी केली होती, बोटभर खोल, आणि कुठं पाझरतंय ते वाकून बघत होता. हे त्याला कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक, मी नव्हतं. मला बघून म्हणाला, "सर, तुम्ही कशाला आलात? किल्ली माझ्याकडे आहे ना."

मी उतरून घरी आलो.

तुझे नवे बूट टोकाला लोखंड असलेले आहेत ना? ते पहिल्या दिवशी फार कडक असतात. आत्तापासून रोज तासभर घरात घालून फिर, जाड मोजे घालून. टाचेला घासलं तर तिथं पट्टी लाव आणि एक दिवस सोडून परत घाल. सोमवारी फोड घेऊन साइटवर जाऊ नकोस.

तुझे,
बाबा