एकट्यानं ख्रिस्ती राहता येत नाही

माननीय संपादक,

नमस्कार, आणि आमच्याकडच्या पद्धतीनं सलाम.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पुण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांवर लेख आला होता तो मी दोनदा वाचला, कारण मी त्यातलाच एक होतो. लेखात हेल्पलाइन, हास्यक्लब, विरंगुळा केंद्र असं सगळं सांगितलं होतं आणि ते चांगलंच आहे, पण देवावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला सोबत लागते का, का त्याला देव पुरतो, हा प्रश्न त्यात कुठंच नव्हता. मी त्याबद्दल लिहितोय. मी मराठी ख्रिस्ती आहे, घोरपडीत वाढलो, रेल्वेत नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर खराडीला राहायला आलो.

२०१८ च्या जूनमध्ये माझी बायको बावीस दिवस दवाखान्यात होती आणि मग प्रभूकडे गेली. दफनाला खूप माणसं आली, सांत्वनसभेला चर्चचा हॉल भरला, पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) चांगलं बोलले, फोनवर तर इतके मेसेज आले की वाचून होईनात, सगळ्यांचे हात जोडलेले. नंतर मुलगा बेंगलोरला परत गेला आणि मी घरात एकटा. पहिले दोन रविवार उपासनेला गेलो, तिसऱ्या रविवारी गेलो नाही, आणि मग जायचं थांबलंच. देवावर राग होता असं नाही, पण त्या बाकावर तिच्या जागेशेजारी बसवत नव्हतं. आठ महिने मी चर्चला गेलो नाही. त्या आठ महिन्यांत आमच्या मंडळीतून (चर्चचं नाव लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत) दोन फोन आले, त्यातला एक वार्षिक वर्गणीचा होता.

आणि एक माणूस आला. माझा लहानपणापासूनचा मित्र, घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये फिटर होता. तो दर मंगळवारी संध्याकाळी यायचा, बस बदलून, मुंढव्याच्या पुलावरच्या ट्रॅफिकमधून, कधी साडेसहाला तर कधी आठला पोचायचा. आला की म्हणायचा "चहा टाक", आणि बसायचा. पहिल्या वेळी मी वाट बघत होतो की आता हा बायबल उघडणार, आता म्हणणार की प्रभूची इच्छा, ती चांगल्या ठिकाणी आहे वगैरे. काही म्हणाला नाही. स्वयंपाकघरातला नळ गळत होता त्याखाली मी पातेलं लावून ठेवलं होतं, त्यानं ते बघितलं, पुढच्या मंगळवारी खिशातून वॉशर आणि छोटा पाना काढला, खाली जाऊन कॉक बंद केला, वर येऊन नळ खोलला, जुना वॉशर झिजून पार कडक झालेला तो माझ्या हातात दिला आणि म्हणाला, बघ किती दिवस चाललं होतं हे. तेवढंच बोलला. त्या रात्री मी बायको गेल्यावर पहिल्यांदा नीट रडलो.

मी चर्चला का येत नाही हे त्यानं आठ महिन्यांत एकदाही विचारलं नाही, पण निघताना दारात उभा राहून प्रार्थना करायचा, अगदी छोटी, त्यात माझं नाव असायचं आणि तिचं पण असायचं. मी आमेनसुद्धा म्हणत नव्हतो तेव्हा. नंतर एकदा मी त्याला म्हटलं अरे मला तर प्रार्थनाच येत नाही आता, आतून काही निघतच नाही, तर तो म्हणाला, "मग नको करू, मी करतोय ना तुझी पण."

हे ऐकलं तेव्हा मला बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानातली (म्हणजे मार्कनं लिहिलेल्या येशूच्या चरित्रातली) पक्षाघाती माणसाची गोष्ट आठवली. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. कफर्णहूम गावात येशू एका घरात होता, दारात पाय ठेवायला जागा नव्हती, तेव्हा चार जण एका लुळ्या माणसाला उचलून आणतात, आत शिरता येत नाही म्हणून सरळ छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि खाट खाली सोडतात. मी ही गोष्ट शब्बाथशाळेपासून, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गापासून, ऐकतोय, चित्रं रंगवलीत तिची. पण तिथं एक वाक्य आहे जे मी साठीपर्यंत नीट वाचलंच नव्हतं. येशूनं "त्यांचा विश्वास" पाहिला असं लिहिलंय. त्यांचा. खाटेवर पडलेल्याचा विश्वास किती होता, होता का नव्हता, मार्क एक शब्द सांगत नाही. तो माणूस त्या गोष्टीत काहीच बोलत नाही, त्याचं सगळं ओझं त्या चौघांच्या खांद्यावर आहे, दुसऱ्याचं छप्पर फोडल्याचा दोष पण त्यांनीच घेतलाय. आणि त्यांच्या विश्वासाकडे बघून त्याला क्षमा मिळते, तो उठून आपली खाट घेऊन चालायला लागतो. माझा विश्वास त्या आठ महिन्यांत असा दुसऱ्याच्या खांद्यावर होता हे मी खात्रीनं सांगतो, आणि तो खांदा नसता तर मी आज हे पत्र ख्रिस्ती म्हणून लिहिलं नसतं.

आमच्यात "सहभागिता" हा शब्द सारखा वापरतात, उपासनेनंतर सहभागिता आहे, तरुणांची सहभागिता आहे, म्हणजे बहुतेक वेळा चहा, समोसा आणि फोटो. शब्द मात्र फार मोठा आहे. नवा करार (बायबलचा दुसरा भाग) ग्रीकमध्ये लिहिला गेला, त्यात कोइनोनिया असा शब्द आहे. त्यातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात पहिल्या मंडळीचं वर्णन आहे की ते शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत तत्पर असत, त्यातला सहवास म्हणजे हा शब्द. गंमत म्हणजे लूकनं आपल्या शुभवर्तमानात येशूचे शिष्य याकोब आणि योहान हे शिमोनाचे मासेमारीच्या धंद्यातले भागीदार होते असं लिहिलंय तिथंही ह्याच घराण्यातला शब्द आहे, आणि पौलानं (सुरुवातीच्या काळातला मोठा प्रेषित) यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जी वर्गणी गोळा केली तिलाही तो रोमच्या पत्रात हाच शब्द वापरतो. म्हणजे होडी एक, जाळं एक, नफा तोटा एक, आणि तुझ्याकडे नसेल तर माझ्याकडचं घे. मराठीत पण बघा, सहभागितामध्ये भाग आहे, भागीदार आहे. ज्याच्या नुकसानीत माझा वाटा नाही त्याचा मी भागीदार कसला.

खुद्द प्रभू येशूला सोबत लागली. त्याला धरून नेलं त्या रात्री गेथशेमाने बागेत तो तीन शिष्यांना घेऊन पुढं गेला आणि म्हणाला, इथं थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा, आणि ते झोपले. आणि त्याच रात्री जेवताना तो त्यांना म्हणाला होता की मी तुम्हाला आता दास म्हणत नाही, मित्र म्हटलंय. देवाचा पुत्र माणसांकडे जागं राहायची विनंती करतो, मग मी खराडीच्या फ्लॅटमध्ये दार लावून बसून म्हणणार की मला कुणाची गरज नाही? पौलाचं त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेलं दुसरं पत्र वाचा, कैदेत आहे, शेवट जवळ आलाय हे त्याला कळलंय, एवढं मोठं ज्ञान देऊन शेवटी लिहितो काय, की देमास मला सोडून गेला, फक्त लूक आहे माझ्याजवळ, तू येताना त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये आणि पुस्तकं पण, आणि हिवाळ्याच्या आधी ये. थंडी वाजत होती त्याला. माणूस हवा होता त्याला.

हिंदू वाचकांना हे नवीन नाही. आषाढी वारीत दोन्ही पालख्या पुण्यात येतात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला आणि ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाला मुक्काम करते, तेव्हा बघा, घरून एकटा निघालेला म्हातारापण कुठल्या ना कुठल्या दिंडीत असतो, त्याचं जेवण, त्याची पथारी, पाय दुखला तर ट्रकमध्ये जागा, सगळं दिंडीचं.

त्याच भागात, गुरुवार पेठेत, आमचं पंचहौदचं चर्च आहे. १८९० साली तिथल्या मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली मोठी माणसं गेली होती, न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, आणि व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढं आली. कुणी घेतला, कुणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशींनी (डॉक्टर आनंदीबाईंचे पती) नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकायचा खटला, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कपाची एवढी किंमत होती, कारण एकत्र चहा घेणं म्हणजे तू माझा झालास असं तेव्हा सगळे मानत होते, घेणारे पण आणि अडवणारे पण. आज आमच्याकडे कुणी अडवायला नाही, उपासना संपली की चहा तयार असतो, तरी अर्ध्या लोकांच्या हातात चहाच्या आधी गाडीची किल्ली असते. वीस वर्षं मागच्या बाकावर बसणाऱ्या बाईंचं नाव मला माहीत नव्हतं हे मी कबूल करतो.

मी कुणावर ढकलत नाही. पुणे पसरलं, पूर्वी घोरपडी, कॅम्प, नाना पेठ, खडकी एवढ्यात आमची सगळी माणसं होती, कुणाच्या घरी ताप आला तर संध्याकाळपर्यंत पेज पोचायची. आता कुणी वाघोलीला, कुणी पिंपळे सौदागरला, कुणी उंड्रीला. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, उपासना मोबाईलवर आली, म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना त्याचा खूप आधार झाला, माझ्या बहिणीला अजूनही होतो, पण धडधाकट माणसं पण सोफ्यावरून उठेनात. मोबाईलवर प्रवचन ऐकता येतं, गाणं ऐकता येतं, पण नळाला वॉशर बसवता येत नाही. "एकमेकांची ओझी वाहा" असं पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात आहे, ओझं वाहायला शेजारी उभं राहावं लागतं.

आणि मैत्री म्हणजे नुसतं गोडगोड नाही. माझा हा मित्र दुसऱ्या वर्षी मला चांगला बोललाय. मी भावाशी घराच्या वाटणीवरून सात वर्षं बोलत नव्हतो, तेव्हा तो म्हणाला, तू प्रभुभोजन (चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेतोस आणि भावाला सलाम करत नाहीस, मला बघवत नाही. मी चिडलो, दोन मंगळवार त्याला दार उघडलं पण चहा दिला नाही. तिसऱ्या आठवड्यात भावाला फोन केला. लोखंडानं लोखंडाला धार लागते असं बायबलच्या नीतिसूत्रांत आहे, आणि धार लागताना ठिणग्या उडतातच. आमच्या मंडळ्यांत कमिटीवरून, इलेक्शनवरून जी भांडणं चालतात त्यात ठिणग्या भरपूर आहेत, पण तिथं कुणी कुणाच्या घरी मंगळवारी गेलेलं नसतं, मग नुसतं जळतं.

काही लोक म्हणतील हे तुमचं तुमच्यातच चालू दे. तसं पण नसावं असं मला वाटतं. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, त्यांच्या नगरच्या घरात बालकवी ठोंबरे येऊन राहिले, ते ख्रिस्ती नव्हते आणि झालेही नाहीत, पण टिळकांनी आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना घरातल्या मुलासारखं वागवलं. १९१८ मध्ये बालकवी भादलीला रेल्वेखाली सापडून गेले, अठ्ठावीस वर्षांचे पण नव्हते. ते घर मला आमच्या कुठल्याही मोठ्या कन्व्हेन्शनपेक्षा (धर्मसभेपेक्षा) मोठं वाटतं.

आता आम्ही काय करतो ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. त्या मित्राचे गुडघे गेले, त्याला बस झेपत नाही, म्हणून मंगळवारी आता मी घोरपडीला जातो. त्याच्या घरी आम्ही सहा जण जमतो, एक विधवा बाई आहेत, एक नर्सिंग शिकणारी नागालँडची मुलगी आहे जिला मराठी अर्धं कळतं, मागच्या बाकावरच्या त्या बाई आहेत (नाव कळलं), आणि शेजारचे एक काका आहेत जे आमच्या धर्माचे नाहीत पण बसतात आणि भजनाला टाळ्या धरतात. एक भजन, एक वचन, मग कुणाचं काय चाललंय ते. कुणी आलं नाही तर त्याच दिवशी फोन जातो आणि दोन दिवसांत कुणीतरी जाऊन येतं, एवढा एकच नियम आहे. गेल्या मंगळवारी ती मुलगी आली नाही. बुधवारी आमच्यातल्या एक बाई डबा घेऊन होस्टेलवर गेल्या, तर तिला ताप होता आणि रूममध्ये दुसरं कुणीच नव्हतं, बाई रात्री तिथंच थांबल्या.

आपला,
एक वाचक
खराडी, पुणे