मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी सूचीसाठी माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, माहिती तंत्रज्ञान विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: मुक्त सॉफ्टवेअरची स्वयंसेवकांनी चालवलेली मराठी सूची उभी करण्यास शासनाने साहाय्य करण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी देवगड तालुक्यातल्या एका ‘क’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाची ग्रंथपाल आहे. दाखल नोंदवही लिहिणे, जीर्ण पुस्तके बाद करणे आणि वाचकाला हवे ते पुस्तक शोधून देणे हे माझे रोजचे काम. अलीकडे वाचक पुस्तकाइतक्याच वेळा सॉफ्टवेअरबद्दल विचारतात. कोकम आगळाचे लेबल कशात करावे, जुन्या संगणकावर भूमितीच्या आकृत्या काढता येतील का, छापील पानावरचा मराठी मजकूर पुन्हा टाइप न करता संगणकात घेता येईल का, असे हे प्रश्न असतात. यांपैकी बहुतेक कामांसाठी इंकस्केप, जिओजेब्रा, टेसरॅक्ट यांसारखी विनामूल्य सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. नाही ती त्यांची मराठीत लिहिलेली, कोणीतरी स्वतः वापरून पाहिलेली विश्वासू नोंद.

2022 साली आमच्या ग्रंथालयाचा वार्षिक अहवाल मी स्क्राइबस या पानमांडणीच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करायला घेतला. त्याच्या दोन आवृत्त्या उपलब्ध होत्या: ‘स्थिर’ म्हणून दिलेली 1.4 मालिकेतली आणि ‘विकसनशील’ म्हणून दिलेली 1.5 मालिकेतली. जबाबदार माणसाने घ्यावी तशी मी स्थिर आवृत्ती घेतली आणि पहिलाच शब्द लिहिला, ‘वार्षिक’. पडद्यावर ऱ्हस्व वेलांटी ‘ष’च्या आधी न येता नंतर जाऊन पडली आणि रफार वर न चढता पाय मोडलेला ‘र्’ होऊन उभा राहिला. फॉन्ट बदलून पाहण्यात दोन संध्याकाळी गेल्या. देवनागरी जोडाक्षरे नीट जुळवण्याची सोय 1.5 मालिकेतच आलेली आहे, हे मला तिसऱ्या दिवशी कळले. इंग्रजीत काम करणाऱ्याला स्थिर आवृत्ती घ्या हा सल्ला योग्यच होता, मराठीत काम करणाऱ्याला मात्र तो नेमका उलटा पडला. ही एक ओळ मराठीत कोठे लिहिलेली असती, तर माझ्यासारख्या कितीतरी जणांच्या त्या संध्याकाळी वाचल्या असत्या.

मुक्त सॉफ्टवेअरच्या सूची जगात नाहीत असे नाही. डेबियन हा लिनक्स या संगणक चालवणाऱ्या मुक्त प्रणालीवर आधारलेला प्रकल्प 1993 पासून स्वयंसेवक चालवत आहेत आणि त्यांच्या संग्रहात हजारो सॉफ्टवेअर नोंदलेली आहेत. अँड्रॉइड फोनसाठी एफ-ड्रॉइड ही सूची 2010 मध्ये सुरू झाली, आणि एखादे अ‍ॅप वापरणाऱ्यावर पाळत ठेवत असेल किंवा जाहिराती दाखवत असेल तर तसा शेरा ती नोंदीतच देते. डेबियनची एक पद्धत ग्रंथपाल म्हणून मला फार मोलाची वाटते. तिथे प्रत्येक सॉफ्टवेअर कोणाच्या तरी नावावर असते, आणि त्या माणसाने ते सोडले की त्याची नोंद ‘अनाथ’ अशी केली जाते, म्हणजे सांभाळणारा दुसरा कोणी पुढे येऊ शकतो. सूची तयार होते ती उत्साहात, पण टिकते ती अशा शिस्तीने.

या सूचींमध्ये आमच्या प्रश्नांची उत्तरे मात्र नसतात. मराठी टंकलेखन नीट होते का, चार जीबी रॅमच्या संगणकावर चालते का, इंटरनेट नसताना काम करते का, हे तिथे लिहिलेले सापडत नाही. शेवटचा प्रश्न किनाऱ्यावरच्या माणसाला विशेष जिव्हाळ्याचा आहे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले तेव्हा सिंधुदुर्गातल्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती, आणि वीज आल्यावरही नेटवर्क मागाहून आले. त्या काळात उपयोगी पडले ते संगणकात आधीपासून असलेले सॉफ्टवेअर.

‘मुक्त’ आणि ‘फुकट’ यांतला फरकही नोंदीत स्पष्ट हवा. मुक्त सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याची, त्याची रचना अभ्यासण्याची, त्यात बदल करण्याची आणि त्याच्या प्रती वाटण्याची मुभा त्याचा परवानाच देतो. फुकट मिळणारी काही सॉफ्टवेअर केवळ व्यक्तिगत वापरापुरती असतात, आणि बचत गटाने विक्रीच्या मालाचे लेबल त्यात केले की नकळत नियमभंग होतो. ‘फ्री’ असे शोधून भलत्याच ठिकाणाहून घेतलेल्या फाइलीसोबत नको ती चार सॉफ्टवेअर संगणकात शिरतात, हे तर मी वाचकांच्या लॅपटॉपवर वारंवार पाहिले आहे.

महोदय, माझी पहिली विनंती अशी की या कामाची निविदा काढू नये. कंत्राटात ठरलेल्या नोंदी मुदतीत भरून मिळतील, उद्घाटनही होईल, पण पुढच्या वर्षी नवी आवृत्ती आल्यावर ती तपासायला कोणी नसेल. सूची स्वयंसेवकांची असावी, प्रत्येक नोंदीखाली तपासणाऱ्याचे नाव, तारीख, आवृत्ती आणि ज्या संगणकावर तपासले त्याची माहिती असावी, आणि संपूर्ण सूची कोणालाही उतरवून घेता येईल व पुढे वाटता येईल अशा मुक्त परवान्याखाली असावी. शासनाने सर्व्हरची जागा द्यावी, आणि सूचीतल्या सॉफ्टवेअरच्या मूळ स्रोताशी पडताळलेल्या प्रती हार्ड डिस्कवर तालुक्याच्या ग्रंथालयांत ठेवण्याची व्यवस्था करावी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 मुळे अनुदानित ग्रंथालयांचे जाळे राज्यभर आहेच. या कामासाठी नवी इमारत लागणार नाही.

केंद्र सरकारने 2015 मध्ये शासकीय कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळने शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर नेले तेव्हा शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि पाठ्यसाहित्य मल्याळममध्ये केले. आपल्याकडे ही निकड आता वाढली आहे, कारण विंडोज 10 ला कंपनीकडून नियमित मिळणाऱ्या सुरक्षा-सुधारणा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्या आणि शाळा व ग्रंथालयांतले अनेक जुने संगणक पुढची आवृत्ती घेऊ शकत नाहीत. ते भंगारात काढण्याआधी त्यांवर कोणती लिनक्स प्रणाली चालते, हे कोणीतरी मराठीत लिहून ठेवायला हवे.

स्वयंसेवक मिळतील का, अशी शंका आपल्या विभागात घेतली जाईल. 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर आमच्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. नवे ज्ञान आपल्या भाषेत आणण्यासाठी पदरमोड करणारी माणसे या किनाऱ्यावर आजही आहेत. दोन शिक्षक, एक छापखानावाले आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन मुली माझ्यासोबत दर शनिवारी बसतात. आम्ही एका दोनशे पानी वहीत नोंदी करतो. कोहा या ग्रंथालय प्रणालीपुढे आम्ही लिहिले आहे: ‘उत्तम, पण सर्व्हर सांभाळणारा जाणकार माणूस हवा, लहान ग्रंथालयाने एकट्याने सुरू करू नये.’ स्क्राइबसची नोंद पहिल्या पानावर आहे.

त्या वहीची छायाप्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवत आहे. आपल्या विभागातल्या एखाद्या अधिकाऱ्याने एका शनिवारी आमच्यात येऊन बसावे आणि एक नोंद स्वतः तपासून लिहावी, एवढे आपण करवून घ्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग