समितीसाठी नावे का येत नाहीत?

महोदय,

डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट अशा सगळ्यांच्या व्यावसायिक संघटना असतात. बहुतेक जण वर्गणी भरतात, परिषदांना जातात, मतदानही करतात. उपसमितीसाठी नावे मागवली की मात्र माना खाली जातात. ‘रुग्णांतून वेळ कुठे मिळतो?’ आणि ‘ते राजकारण आपल्याला नको’ ही दोन उत्तरे मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. पहिले उत्तर खरे आहे. दुसरे मला पटत नाही.

मी भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रियेआधी रुग्ण तपासून झाला की त्याच्या कागदावर ‘एएसए’ श्रेणी, म्हणजे त्याची प्रकृती किती ठीक किंवा गंभीर आहे याची प्रत, लिहिते. जगभरातले भूलतज्ज्ञ हेच करतात. ही वर्गवारी एका समितीने केली. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने (हीच ती ‘एएसए’) मेयर साक्लाड, एमरी रोव्हेनस्टाइन आणि आयव्हन टेलर या तिघांवर एक रुक्ष काम सोपवले : भुलीची आकडेवारी सगळीकडे सारख्या रीतीने कशी नोंदवता येईल, हे ठरवणे. शस्त्रक्रियेचा एकूण धोका मोजणे शक्य नाही, हे त्यांनी मान्य केले. शस्त्रक्रिया कोणती, करणाऱ्याचा हात कसा, अशा कितीतरी गोष्टी त्यात येतात. म्हणून त्यांनी फक्त रुग्णाच्या प्रकृतीची प्रतवारी केली. १९४१ साली ती प्रसिद्ध झाली. पुढे तिच्यात फेरफार झाले, २०१४ मध्ये श्रेणींना उदाहरणे जोडली गेली. तेही संघटनेतूनच.

याच संघटनेने १९८६ मध्ये भुलीच्या देखरेखीचे मानक मंजूर केले. भूल चालू असताना प्रशिक्षित व्यक्ती पूर्ण वेळ खोलीत हजर हवी, ही त्यातली पहिली अट. आज ती इतकी उघड वाटते की, ती कधीतरी कुणाला लिहून काढावी लागली होती, हे लक्षातही येत नाही.

समितीचे काम असेच असते. मसुदा वाचायचा, ‘शक्यतो’ ठेवायचे की ‘अनिवार्य’ यावर तासभर वाद घालायचा, इतिवृत्त तपासायचे. त्यात मानसन्मान फारसा नाही. पण त्या एका शब्दावर रात्रपाळीला एकटीच असलेली परिचारिका काय करू शकेल, हे ठरते. आणि नेमकी तीच त्या बैठकीत नसते. मोठ्या संस्थांतले अनुभवी लोक मसुदा लिहितात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांचीच साधने असतात. एकच मॉनिटर असलेल्या लहान रुग्णालयाला ते नियम पाळताच येत नाहीत. यात कुणाचा हेतू वाईट नसतो. सांगणारे कुणी तिथे नसते, एवढेच. ‘राजकारण नको’ म्हणून आपण घरी थांबलो, तर त्याच त्या चार नावांना पुन्हा पुन्हा उभे राहावे लागते आणि मग तक्रारही आपणच करतो.

दोष सगळा सभासदांचा नाही. काम किती, किती काळ, हे न सांगता नाव मागणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही मागणे. कार्यकाळ ठरलेला हवा, त्यानंतर जागा खरोखर मोकळी व्हायला हवी. बैठका ऑनलाइन घेता येतात. पाळी सांभाळून येणाऱ्यांना सोयीची वेळ विचारावी. औषध किंवा उपकरण कंपन्यांशी असलेले आर्थिक संबंध प्रत्येकाने आधीच लेखी जाहीर करावेत. स्वयंसेवी काम आहे म्हणून यात सवलत नको, कारण या समित्यांच्या शिफारशींवरून खरेदी होते आणि उपचार ठरतात.

पुढच्या आमसभेच्या सूचनेत रिक्त जागा, कामाचे स्वरूप आणि मुदत एवढे जरी छापले, तरी नावे येतील असा मला विश्वास आहे. माझ्या तरुण सहकाऱ्यांना मी त्यासाठी आत्तापासूनच आग्रह करते आहे.

आपली,
एक भूलतज्ज्ञ