फोटोओळीत बेटाचं नाव लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मधलं आख्खं पान तुम्ही पॅसिफिकमधल्या पॉलिनेशियाच्या चित्रांना आणि छायाचित्रांना दिलंत, त्याबद्दल आधी आभार. रंगही चांगले उतरलेत. वर्तमानपत्राच्या कागदावर लगूनचा, म्हणजे प्रवाळरांगेआडच्या उथळ पाण्याचा, तो हिरवट निळा आणणं सोपं नसतं, एवढं चाळीस वर्षं डार्करूममध्ये घालवल्यावर मला कळतं. पण फोटोओळी वाचल्या आणि हातातला चहा तसाच राहिला. पाच फोटो, पाच ओळी, त्यांतल्या चार चुकलेल्या. पाचवी बरोबर आहे, पण खरी तक्रार तिच्याबद्दलच आहे.

मोआईंच्या फोटोखाली तुम्ही ‘हवाई बेटांवरील गूढ पुतळे’ असं छापलंय. ते पुतळे रापा नुईचे, म्हणजे आपण ज्याला ईस्टर आयलंड म्हणतो त्या बेटाचे. हवाईपासून हे बेट सात हजार किलोमीटरहून लांब आहे. नकाशावर वर हवाई, खाली डावीकडे न्यूझीलंड आणि उजवीकडे रापा नुई असा त्रिकोण काढला की पॉलिनेशिया होतो, आणि त्याच्या पोटात सामोआ, तोंगा, निउए, कुक बेटं, ताहिती, मार्केसस असे कितीतरी मुलूख येतात. एका कोपऱ्यातला फोटो दुसऱ्या कोपऱ्याच्या नावावर खपवणं ही काही मुद्रणदोषात मोडणारी चूक नाही.

मग त्या पाण्यावरच्या झोपड्या. ‘बेटवासीयांची पारंपरिक घरे’ ही ओळ वाचून मी घरात एकटाच मोठ्यांदा हसलो. त्या हॉटेलच्या खोल्या आहेत हो! 1960च्या दशकात अमेरिकेहून आलेल्या हॉटेलवाल्यांनी ताहितीच्या आसपासच्या बेटांवर ही टूम काढली आणि मग ती जगभर पसरली. बेटावरचा माणूस घर बांधतो ते जमिनीवर.

तिसरा फोटो पांढऱ्याशुभ्र वाळूचा, आणि खाली ‘ताहितीचा किनारा’ एवढंच. ताहितीत पांढरी वाळू नाहीच असं नव्हे, पश्चिमेकडे थोडी आहे. पण बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, त्यामुळे बरीचशी वाळू काळी. 2015 साली मुलगी ऑकलंडला होती, तेव्हा तिच्यासोबत मी ताहितीत आठवडाभर राहून आलो. 1769 साली इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकने ज्या टोकावरून शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र, पाहिलं, त्या पॉइंट व्हीनसलाही गेलो. पायाखाली बारीक कोळशाच्या भुकटीसारखी वाळू. पहिले सहा फोटो वाया गेले. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे असेल त्याला राखाडी समजतं, त्यामुळे काळी वाळू करडी धुरकट आली आणि पाण्यात उभी असलेली पोरं जळून पांढरी पडली. मग उजेड दीड स्टॉप कमी करून घेतलं तेव्हा कुठे वाळू वाळूसारखी दिसली. पोस्टकार्डावर ही वाळू का येत नाही, याचं निम्मं उत्तर मला तिथेच मिळालं. काळ्या वाळूसमोर लगून तितका निळा दिसत नाही.

चौथा फोटो गवताच्या घागऱ्यातल्या नर्तकीचा, ओळ ‘पारंपरिक वेशातील पॉलिनेशियन युवती’. हवाईचा जुना हुला नाच कापा नेसून व्हायचा. कापा म्हणजे झाडाची साल कुटून केलेलं कापड. वाळक्या गवताचा घागरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिल्बर्ट बेटांवरून, म्हणजे आजच्या किरिबाटीतून आला, आणि ती बेटं तर पॉलिनेशियाबाहेरच्या मायक्रोनेशियातली. हा घागरा आपल्या डोळ्यांत कसा बसला, ती गोष्ट आमच्या धंद्यातली म्हणून सांगतो. होनोलुलूत वायकीकीला 1937 साली कोडॅकच्या तिथल्या प्रमुखाने ‘कोडॅक हुला शो’ सुरू केला. कारण साधं होतं. नाच व्हायचे संध्याकाळी, जेवणावळीच्या वेळी, आणि तेव्हाच्या फिल्मला एवढासा उजेड पुरायचा नाही. पर्यटकांचे फोटो काळे यायचे, फोटो आले नाहीत की रोल खपायचे नाहीत. म्हणून नाचच उन्हात आणला. नर्तकी हातात मोठमोठी अक्षरं धरून हवाईचं नाव लिहून दाखवायच्या आणि समोर शेकडो कॅमेरे एकदम खटकायचे. हे 2002पर्यंत चाललं. त्या बायका उत्तम नाचायच्या याबद्दल वाद नाही. पण नाचाची वेळ फिल्मच्या सोयीने ठरली, आणि मीही आयुष्यभर तीच फिल्म विकली, हे लक्षात आल्यावर जरा चमकायला झालं.

आता पाचवी ओळ. ‘पॉल गोगँ, ताहिती, 1891’. तपशील बरोबर. गोगँचं एक चित्र जुन्या कॅलेंडरमधून कापून मी डार्करूमच्या दाराला आतून लावलं होतं. लाल दिव्यात ते अर्धंच दिसायचं, पण काढावंसं कधी वाटलं नाही. रंगाच्या बाबतीत तो माणूस मोठाच. तरी तुमच्या लेखात ‘अस्पर्श स्वर्गाचा पहिला चित्रकार’ असं जे म्हटलंय, त्यात ‘अस्पर्श’ही चूक आणि ‘पहिला’ही. तो 1891 साली ताहितीच्या राजधानीत, पापीतेला उतरला तेव्हा मिशनऱ्यांना तिथे येऊन चौऱ्याण्णव वर्षं झाली होती आणि बायका गळाबंद, पायघोळ झगे घालत होत्या. त्याच वर्षी त्याने काढलेली हातात फूल घेतलेली बाई, जी आज कोपनहेगनला आहे, तशाच झग्यात आहे. उघड्या अंगाचा स्वर्ग त्याला बराचसा मनाने रचावा लागला, आणि काही वेळा फोटोवरून. शार्ल स्पिट्झ नावाचा पापीतेतला एक फोटोग्राफर होता. त्याने कातळातून पडणारं पाणी पिणाऱ्या एका बेटवासीयाचा फोटो काढला होता. गोगँचं 1893 सालचं ‘पापे मोए’ त्या फोटोशेजारी ठेवून पाहा. तोच कातळ, तीच वाकलेली पाठ. आणि तिथे बायको म्हणून ठेवलेल्या ज्या तेहामानाला त्याने इतकं रंगवलं, तिचं वय त्याच्याच सांगण्यानुसार तेरा होतं. तेही एका ओळीत यायला हवं होतं.

‘पहिला’ म्हणायचं तर तुपाया या माणसाचं नाव घ्या. राइआतेआ बेटाचा पुरोहित आणि दर्यावर्दी. कुकच्या पहिल्या सफरीत तो ताहितीहून जहाजावर चढला आणि तिथे कागदावर जलरंगात चित्रं काढू लागला. त्याच्या एका चित्रात एक माओरी, म्हणजे न्यूझीलंडचा मूळ रहिवासी, आणि एक गोरा समोरासमोर उभे आहेत. माओरीच्या हातात भलामोठा शेवंडा, गोऱ्याच्या हातात कापडाचा तुकडा, आणि दोघांनीही आपापली वस्तू घट्ट धरलीय: आधी तू सोड, मग मी सोडतो. व्यवहार कसा चाललाय ते एका नजरेत कळतं. ते चित्र दोनशेहून अधिक वर्षं निनावी राहिलं. जहाजावरच्याच कुणा इंग्रजाचं असेल, असं धरून चालले होते. शेवटी त्या सफरीवरचा निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स याच्या 1812च्या एका पत्रात तुपायाने हे काढल्याचा उल्लेख सापडला आणि 1997 साली त्याचं नाव चित्राला लागलं. तोवर तुपायाला बाटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, मरून दोनशे सत्तावीस वर्षं झाली होती.

तिथले आजचे कलावंत या जुन्या चित्रांचा हिशेब फार मजेने चुकता करताहेत, आणि तुमच्या पानावर त्यांतलं कुणीच नाही. ऑकलंडच्या आर्ट गॅलरीत 2015 सालीच मी लिसा राइहाना या माओरी कलावतीचं काम पाहिलं. 1804-05 साली फ्रान्समध्ये झोझेफ द्यूफूरने श्रीमंतांच्या दिवाणखान्यांसाठी वीस पट्ट्यांचा एक वॉलपेपर काढला होता. पॅसिफिकला न जाता, प्रवासवर्णनं वाचून काढलेला. त्यावरचे बेटवासी ग्रीक पुतळ्यांसारखे वस्त्रं लपेटून उभे. राइहानाने ते झाड-डोंगर तसेच ठेवले, पण त्यांत खरे बेटवासी नट घातले. भिंतभर पडद्यावर तो वॉलपेपर हळूहळू सरकतो. कुठे गोंदणं चाललंय, कुठे हाका हा माओरी नाच, कुठे खलाशाला फटके, आणि एका वळणावर कुकचा खून. मी दोन फेऱ्या पाहिल्या. मुलगी बाहेर कॉफी पिऊन परत आली तरी मी तिथेच. पुढे 2022 साली व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात न्यूझीलंडच्या दालनात युकी किहारा या सामोअन कलावतीने गोगँचीच चित्रं घेतली आणि सामोआच्या उपोलू बेटावर, तिथलीच माणसं उभी करून, त्यांचे फोटो काढले. किहारा स्वतः फाआफाफिने आहे, म्हणजे सामोआत पुरुष-स्त्री या दोन्हींपलीकडे मानली जाणारी व्यक्ती, आणि फोटोतली माणसंही बव्हंशी तशीच. उजेड उपोलूचाच, आणि नजर रोखलेली थेट आपल्याकडे. निदान त्यातला एक तरी फोटो गोगँशेजारी छापला असतात!

आता मी स्वतः पाहिलेलं थोडं.

दक्षिण ऑकलंडला मुलीच्या शेजारी एक तोंगन आजी राहायच्या. माझा नातू त्यांना आजीच म्हणायचा, म्हणून आम्हीही. एका शनिवारी त्या म्हणाल्या, चर्चच्या हॉलमध्ये ङातू करायचंय, कॅमेरा घेऊन या. (ङातूचा उच्चार असाच, ङ ने सुरू होणारा. शाळेत पाठ केलेलं ते अक्षर वाङ्मयापलीकडे कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.) ङातू म्हणजे कागदी तुतीच्या आतल्या सालीचं रंगवलेलं कापड. सामोआत त्याला सिआपो म्हणतात, निउएत हिआपो. कुटून पातळ केलेले तुकडे तोंगाहून कुणाच्या तरी सामानातून आले होते. हॉलमध्ये पाठीवर उतार असलेली लांब लाकडी फळी, दोन्ही बाजूंना दहा-बारा बायका मांडी घालून बसलेल्या. फळीवर नारळाच्या हिरांनी शिवलेले नक्षीचे साचे, त्यांना कुपेसी म्हणतात. त्यावर साल पसरायची, अर्धवट उकडलेला कसाव्याचा कंद डिंकाच्या कांडीसारखा घासून दुसरी साल आडवी चिकटवायची, आणि वरून झाडाच्या सालीचा तपकिरी रंग चिंधीने रगडायचा. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उमटतो, तशी खालची नक्षी वर येते. एक भाग झाला की कापड पुढे ओढायचं, पुढचा भाग. ओल्या सालीचा आणि त्या रंगाचा किंचित आंबूस वास हॉलभर.

मी कॅमेरा डोळ्याला लावला तशा आजी म्हणाल्या, आधी टोक धरा. धरलं. अर्धा तास नुसता कापड ओढत बसलो. गुडघे बोलायला लागले. पण त्यामुळेच एक गोष्ट दिसली, जी उभ्याने कधी दिसली नसती. कापडाच्या कडेला एक कोरी पट्टी सोडलेली असते आणि तिच्यावर प्रत्येक भागाला ओळीने आकडा घातलेला असतो. 7, 8, 9. अगदी निगेटिव्हच्या कडेला फ्रेमचे आकडे असतात तसे. मी खिशातून फोन काढून आजींना माझी एक जुनी निगेटिव्ह दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिली आणि शेजारणीला काहीतरी सांगितलं. सगळा हॉल हसला. आमचे आकडे छत्तीसला संपतात, त्यांच्या पन्नास भागांच्या ङातूला लाउनिमा म्हणतात आणि शंभराचंही असतं. कापड देताना ते आकडे पाहूनच किती मोठा मान दिला हे कळतं, लग्नात असो की मयताला. सालीच्या कापडाची ही कला कलादालनांतही पोचली आहे. निउएत जन्मलेले जॉन पूले हिआपोच्या चौकटी आणि वेली मोठ्या कॅनव्हासवर आणतात. पण त्या दिवशी हॉलमध्ये कुणीही ‘कला’ हा शब्द काढला नाही. तीन वाजायच्या आत वीस भाग व्हायला हवेत, एवढीच घाई होती.

माझं म्हणणं एवढंच की पुढच्या वेळी असं पान कराल तेव्हा फोटोओळीत ‘पॉलिनेशिया’ न लिहिता बेटाचं नाव लिहा, कलावंताचं नाव लिहा, आणि बेटावरच्या माणसाने काढलेलं एक तरी चित्र घ्या. फोटो-एजन्सीच्या यादीत ‘स्वर्ग’ शोधलात तर स्वर्गच मिळणार. तोंगा, सामोआ, निउए अशा नावांनी शोधायला पाच मिनिटं जास्त लागतील.

पाकिटात त्या शनिवारचा एक फोटो ठेवला आहे. विनामोबदला छापा. ओळ आजींना विचारूनच लिहिली होती. स्वतःचं नाव नको म्हणाल्या, गावाकडचं लिहा म्हणाल्या: ‘ङातू, वावाऊ, तोंगा. काम ऑकलंडला.’ छापून आल्यास दोन अंक पाठवावेत, एक त्यांना द्यायचा आहे. मराठी त्यांना वाचता यायची नाही, पण आकडे त्या मोजणार. तेव्हा फोटो कितीही लहान करा, डावीकडची कड कापू नका.

आपला,
एक जुना वाचक, निवृत्त छायाचित्रकार