बचाव नौकेवरून ड्रोनचालकास जाहीर आभारपत्र

आदरणीय ड्रोनचालक,

स. न. वि. वि.

पुराच्या बचावकार्यात आपण आमच्या नौकेला जी साथ दिली, तिच्याबद्दल पथकाच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. ड्रोनचे कौतुक सर्वांनीच केले; मला मात्र पडद्यावरील दृश्याचा अर्थ कुठवर लावायचा, याचे जे भान आपण ठेवले, त्याचे आभार मानायचे आहेत.

उजाडण्यापूर्वी उड्डाण व्हावे, असा आपला आग्रह होता. उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा साधारण 8 ते 14 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त किरणांवर चालतो; उन्हाने तापलेल्या स्लॅबवर माणसाची ऊब वेगळी ओळखू येत नाही, पहाटे स्लॅब निवलेला असताना मात्र ती चटकन नजरेत भरते. पाण्याच्या टाकीआड दिसलेला पांढुरका ठिपका माणसाचाच आहे, असे आपण लगेच जाहीर केले नाही. ड्रोन खाली आणून, कोन बदलून, दिव्याचा झोत टाकून पाहिल्यावर ओल्या चादरीखाली बिलगून बसलेली दोन माणसे दिसली, तेव्हाच आपण आम्हाला नौका वळवायला सांगितले. वाटेत बुडालेली कुंपणाची भिंतही, तिच्यावरून उसळणाऱ्या पाण्यावरून, आपणच ओळखली.

पुढच्या घरावर काहीच दिसले नाही, तेव्हा आपण ‘घर रिकामे आहे’ असे म्हटले नाही. ‘गच्चीवर कोणी दिसत नाही’ एवढेच सांगितले. या कॅमेऱ्याला भिंतीपलीकडचे किंवा पाण्याखालचे दिसत नाही, हे आपण आधीच बजावले असल्यामुळे आम्ही दार ठोठावले आणि माळ्यावर अडकलेल्या आजी सापडल्या. आकाशातून सगळे दिसते, अशी समजूत पसरत असताना हे एक वाक्य मला फार मोलाचे वाटते.

हेलिकॉप्टर येत असल्याचे कळताच, ‘अजून एक फेरी मारा’ असा गलका चालू असतानाही, त्याच्या वाटेत अडथळा नको म्हणून आपण ड्रोन उतरवला. 2015 च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये बाहेरून आलेल्या पथकांनी इतके ड्रोन उडवले की सरकारला त्यांवर निर्बंध आणावे लागले होते. मदतीच्या उत्साहालाही शिस्त लागते, ती अशी.

पाणी ओसरल्यावर, शेजारशेजारची छायाचित्रे 70 ते 80 टक्के एकमेकांवर येतील अशा बेताने टिपून आपण जो नकाशा जोडून दिला, त्यावर खचलेले रस्ते आणि पडझड झालेली घरे स्पष्ट दिसतात. मदतवाटपाचे मार्ग आम्ही त्यावरूनच ठरवत आहोत.

एक विनंती आहे. नौकेवरील सहकाऱ्यांनाही थर्मल चित्र वाचता यावे, यासाठी आपण एक दिवस द्यावा. आपल्या सोयीची तारीख कळवल्यास नौका आणि माणसे तयार ठेवू.

आपला नम्र,
बचाव नौका पथकप्रमुख