'स्माइल'ला कर्म असतं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या इंग्रजी व्याकरणाच्या रकान्यात स्माइल, ड्रीम, लिव्ह, वॉक ही क्रियापदं चौकटीत टाकून खाली ठळक अक्षरांत छापलंय, 'यांना कर्म कधीही येत नाही.' त्या 'कधीही'मुळे हे पत्र.

गेल्या महिन्यात आठवीतल्या माझ्या नातीने निबंधात लिहिलं होतं, 'माय ग्रँडमदर स्माइल्ड अ टायर्ड स्माइल.' आजी दवाखान्यातून घरी आली, उंबऱ्यात क्षणभर थांबली आणि हसली, त्या संध्याकाळचं ते वाक्य. वही परत आली तेव्हा शेवटच्या 'स्माइल'भोवती लाल गोल, समासात 'अकर्मक! कर्म नको', आणि एक गुण कापलेला. पोरीने ते खोडून 'शी वॉज टायर्ड' केलं. आजीचं हसूच वाक्यातून गेलं.

तिचं पहिलं वाक्य अगदी बरोबर होतं. क्रियापद आपल्याच अर्थाचं नाम कर्म म्हणून घेतं, त्याला इंग्रजीत 'कॉग्नेट ऑब्जेक्ट' म्हणतात. 1611च्या इंग्रजी बायबलात जोसेफ 'ड्रीम्ड अ ड्रीम' असंच आहे. बहुधा नामाआधी विशेषण असतं आणि सगळा जीव त्यातच असतो. नुसतं 'स्माइल्ड अ स्माइल' पोकळ वाटतं, 'टायर्ड' आलं की चेहरा दिसतो. आपणही 'समाधानाचं आयुष्य जगले' म्हणतोच ना?

'वॉक'ची गोष्ट वेगळी. मराठीत उडणे-उडवणे, चालणे-चालवणे असं रूप बदलतं. इंग्रजीत पतंग 'फ्लाय' होतो आणि मुलगाही पतंग 'फ्लाय' करतो, रूप तेच. म्हणून 'ही वॉक्स द डॉग' चालतं. मुलं अडखळतात ती नेमकी इथे, आणि रकान्यात त्यावर एक ओळ नाही! कुठलाही बरा शब्दकोश उघडा, 'वॉक'पुढे सकर्मक-अकर्मक दोन्ही खुणा सापडतील. 'अराइव्ह'बद्दल 'कधीही' लिहिलं असतंत तर मी गप्प बसलो असतो.

मुलं हा रकाना कापून वहीत चिकटवतात, शिक्षक तो प्रमाण मानतात. दुरुस्ती त्याच जागी, तितक्याच ठळक अक्षरांत यावी. आणि सरावाची उत्तरं आठवड्याने छापता, तोवर मुलं प्रश्न विसरलेली असतात. ती त्याच अंकात द्या.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, सातारा