पाठीवरचे १९६६ म्हणजे बाहुलीचे वय नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या बार्बी बाहुल्या हल्ली सोलापुरातही मोबाइलवरून विकल्या जातात. ‘पाठीवर १९६६ आहे, साठ वर्षांची अस्सल बाहुली’ असे सांगून मनाला येईल तो भाव लावला जातो. हे थांबायला हवे. १९६७ मध्ये कंबरेत वळणारे धड बाजारात आले. १९६६ हे त्या धडाच्या हक्कनोंदीचे साल, आणि तेच पुढे नव्वदच्या दशकापर्यंत असंख्य बाहुल्यांच्या पाठीवर उमटत राहिले. केस वर करून मान पाहिली तर तिथे बऱ्याचदा १९७६ दिसते. ते डोक्याच्या साच्याचे साल. त्यामुळे दोन्ही साले असलेली बाहुली खुशाल १९९० ची असू शकते. सालापेक्षा बाहुली जिथे बनली तो देश वाचा. साठच्या दशकातल्या बाहुल्यांवर जपान असते. मलेशिया, चीन किंवा इंडोनेशिया असेल, तर साठ वर्षांचा दावा तिथेच संपला.

९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये आलेली पहिली बार्बी ३ डॉलरला होती. तिच्या तळपायांना भोके आणि आत तांब्याच्या नळ्या असतात, बुबुळे पांढरी असतात. नळ्या नसतील तर ती ‘पहिली’ नव्हे.

धडाचा आकार कपड्यांसाठीही महत्त्वाचा. २०१६ मध्ये उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची अशी तीन नवी धडे आली. जुन्या मापाचा फ्रॉक भरल्या अंगाच्या बाहुलीला पाठीमागे मिटतच नाही. ‘बार्बीचे माप’ एवढ्यावर शिवायला टाकू नका. छाती, कंबर, नितंब तिन्ही दोऱ्याने मोजून द्या.

सर्वांत जास्त नुकसान मात्र आपल्याकडचे ऊन करते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या पेटीत व्हिनाइल (बाहुलीचे प्लॅस्टिक) मऊ ठेवणारे द्रव्य बाहेर झिरपते, पाय चिकट होतात, त्यावर धूळ बसते. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पुरतात. चिकटपणा पुन्हा येईल, पुन्हा पुसा. नेलपॉलिश काढायचे पाणी अजिबात लावू नका, ओठांचा रंग क्षणात जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. रंगीत चादरीच्या तुकड्यातही नको. गडद रंग व्हिनाइलमध्ये उतरतो आणि मग निघत नाही. मांजरपाट आणा, दोनदा धुऊन खळ काढा, त्यात बाहुली सैल गुंडाळा आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. माळ्यावर नको.

धातूच्या कानातल्यांमुळे जुन्या बाहुल्यांचे कान हिरवे पडतात, कारण कानातल्यांतल्या तांब्याची व्हिनाइल मऊ ठेवणाऱ्या द्रव्याशी क्रिया होते. कानातले आधी काढा. डागावर मुरमांसाठी मिळणारे बेंझॉईल पेरॉक्साइडचे जेल लावतात. आधी तळपायावर लावून पाहा, रंगवलेल्या भागापासून लांब ठेवा, रोज तपासा. जास्त दिवस ठेवले तर हिरव्याच्या जागी पांढरा चट्टा येतो, आणि भाव त्यानेही पडतोच.

विकणाऱ्यांना कळकळीची विनंती : पाठ, मान, तळपाय आणि दोन्ही कान असे चार फोटो उजेडात काढून टाका. घेणाऱ्यांनी ते चार आल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

– काही बाहुली-संग्राहक, सोलापूर